दारापासनं दुसरी पेटी

सरे, तुला जाऊन दीड म्हैना झाला. तेराव्याला लोक आले, जेवले, तुझं चांगलं चांगलं बोलले आन् गेले. मी चुलीम्होरं बसले व्हते. मला कुणी काय इचारलं न्हाई, आन् इचारलं असतं तर काय सांगितलं असतं ते मलाबी ठावं न्हाई. आपण दोघी जावा, मी थोरली, तू धाकली. केस पांढरे व्हईपातूर एका चुलीवर वर्सं काढली. एवढं बोललो, एवढं भांडलो, तरी एक गोष्ट राहिली. ती सांगायला मी तोंड उघडायची आन् तू म्हणायची, "आक्का, आधी त्या भाताकडं बघा, करपतोय." म्हणून आता लिवते. माझी दुसरीपातूरची शाळा. अक्षर मोठं पडतं, एका ओळीत चार शब्द बसतात. तू वाचणार न्हाईस हे कळतंय मला, एवढी काय मी खुळी झालेली न्हाई.

गेल्या आठवड्यात गावातली माणसं आली व्हती. पंचायतीचं इलेक्शन परत आलंय. बाईमाणसाची एक जागा हाय, ती तू औंदा परत लढवणार व्हतीस. तर ते म्हणाले, "थोरल्या बाई, सरूबाईंच्या जागी तुमी उभ्या ऱ्हावा. लोकांना वाईट वाटतंय, मतं पडतील." म्हंजे तू मेलीस म्हणून मला मतं पडणार. ह्याच्यावर हसावं का रडावं? मी म्हणलं, इचार करून सांगते. तवापासनं इचारच करतीय, आन् इचार सारखा मागं जातोय, त्या पहिल्या इलेक्शनाकडं, जे तू नऊ मतांनी हरलीस.

गावाला वाटतं तुला भाऊजींनी उभी केली. नवऱ्यानं सांगितलं, बायकू उभी राहिली. खरं ते मला ठावं हाय. माझी ठकी बाळंतपणाला आली, दोन दिस अडली, सुईणीनं हात टेकले. गाडी जुंपून तिला चाकणला न्यायला निघालो आन् ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं. तिथंच गेली ती. डोकं तुझ्या मांडीवर व्हतं, माझ्या न्हाई. मी चाकाला खांदा लावला व्हता. घरी आल्यावर तू रडली न्हाईस, कुणाशी बोललीबी न्हाईस. चार म्हैन्यांनी पंचायतीचं निघालं तवा भाकरी थापता थापता म्हणालीस, "आक्का, माझ्या माहेराकडं, चऱ्होलीच्या बाजूला, एका गावात आठवड्याला नर्स येती म्हणं. पंचायतीनं मागितली म्हणून मिळाली. आपल्या गावातले पुरुष काय हे मागायचे न्हाईत. मी उभी ऱ्हाते."

मी म्हणलं, "तुला चार माणसांत बोलता येतंय का?"

"न्हाई. तुमी शिकवा."

मला तरी कुठं येत व्हतं? पर माझी जीभ कधी गप बसलीय? मी सांगाया लागले आन् तू मान हलवाया लागलीस. पाणवठ्यावर मत मागू नको, डोक्यावर हंडा असलेली बाई समद्यांना व्हय म्हणती, तिला घरी जायाची घाई असती. कुणाच्या घरी गेलीस तर आधी सासूशी बोल, सून आतनं ऐकत असतीच. सुनेशी आधी बोललीस तर दोन्ही मतं गेली. लोक जेवाया बसलेले असतील तर दारातनंच माघारी फिर. वरल्या आळीच्या बाईला, म्हंजे तुझ्याइरुद्ध छत्रीच्या चित्रावर उभी राहिली तिला, नावं ठेवू नको, तिच्याकडनं आपण ताक आणतो. एवढं समदं तू ऐकलंस. एकच ऐकलं न्हाईस. मी म्हणलं, नर्सचं बोल पर ठकीचं नाव काढू नको. लोक कीव करतील आन् मत दुसरीला देतील. तू म्हणालीस, "मग कुणाचं नाव काढू? ठकीचं न्हाई काढलं तर मी उभी तरी कशाला ऱ्हाते?" आजूनबी मला वाटतं मी बरोबर व्हते. आन् आजूनबी वाटतं तू बरोबर व्हतीस. दोन्ही कसं असंल ते मला कळत न्हाई.

नावावरनं आठवलं. त्याच्या आदल्या मोठ्या इलेक्शनात आपल्या आळीतल्या तीन बाया मत न टाकताच माघारी आल्या व्हत्या. मास्तर यादी घेऊन बसलेला, म्हणला, नवऱ्याचं नाव सांगा. आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? ते पण पुरुषांच्या म्होरं, शाळेत? उभ्या राहिल्या, पदर दातात धरला, आन् आल्या घरी. म्हणून मी तुला म्हणलं, ह्यांना जोडीनं पाठव. हिनं तिच्या मालकाचं नाव सांगायचं, तिनं हिच्या. आपल्या ओसरीवर तालीम घेतली, आठवतंय का? शेजारची भागू उभी राहिली आन् तुळसाबाईच्या मालकाचं नावच तिला ठावं नव्हतं.

"आगं सांग की, हिचा मालक कोण?"

"त्यो न्हाई का, कुत्रं चावलेला."

"यादीत असं लिवलंय व्हय, कुत्रं चावलेला?"

"मग मला काय ठावं! समदं गाव त्येला पैलवान म्हणतंय."

आन् तुळसाबाई तोंडावर पदर धरून अशी हसली की तिला ठसका लागला. तूबी हसलीस. ठकी गेल्यावर पहिल्यांदा हसलीस. त्या दिशी मला वाटलं, ही निवडून येती.

मग ते हळदीकुंकू आलं.

कुणी सुचवलं देव जाणे. आळीतल्या बाया एका जागी गोळा करायच्या, त्यांना तुझी मताची पेटी समजावून सांगायची, म्हणून तू हळदीकुंकू ठेवलंस. मी म्हणलं, "सरे, गावात कपाळ पुसलेल्या बाया थोड्या का हायेत? त्यांचं मत काय अर्धं धरतात व्हय? भजन ठेव, पूजा ठेव, समद्या येतील." तू म्हणालीस, "आक्का, बाया कुंकवालाच लवकर येतात. भजनाला म्हाताऱ्या येतात." तुझंबी खोटं नव्हतं. मी काय म्हणणार? मी सोता कपाळ पुसलेली. जास्त बोलले तर लोकांना वाटणार हिला बसाया पायजे.

तर तू बाहेर ओसरीवर, आन् मी आत हरभरे उपसत बसले व्हते. ओट्या भरायला माझेच भिजवलेले हरभरे. तेवढ्यात कुणी तरी इचारलं, "थोरल्या कुठं हायेत? दिसत न्हाईत." आन् तू म्हणालीस, "त्यांचं डोकं दुखतंय, पडल्यात."

सरे, माझं डोकं दुखत नव्हतं.

बोलावलं न्हाईस त्याचं मला काय वाटलं न्हाई. रीतच हाय ती, म्या काय आज बघितली? पर तू मला झोपवलंस. मी आत बसलेली असताना मला पडलेली केलीस. का तसं म्हणालीस? बायांनी आणखी इचारू ने, मला बाहेर बोलवून अवघड करू ने म्हणून म्हणालीस का? का तुला त्या दिशी माझी लाज वाटली? मी कधी इचारलं न्हाई. हरभरे उपसले, पाटी दारातनं सरकवली. तू हात लांब करून घेतलीस, माझ्याकडं न बघता.

त्याच दिशी तू त्यांना पेटी शिकवलीस. आन् ते शिकवणं माझं व्हतं. पंचायतीलाबी त्या मोठ्या इलेक्शनासारखंच ठरलं व्हतं, उभं राहिलेल्या बाईगणीक एकेक पेटी, पेटीवर तिचं चित्र, आन् पडद्याआड जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. चौघीजणी उभ्या व्हत्या. एकीची शिडी, तुझा कंदील, वरल्या आळीच्या बाईची छत्री, आन् चौथीचा तराजू. तू म्हणत व्हतीस, "चित्र दाखवते की. कंदील कुणाला कळत न्हाई?" मी म्हणलं, "आत अंधार असतो, पदर पुढं असतो, शिपाई मागनं घाई करतो. चित्र कोण बघतंय? पहाटं दिवा न लावता मिठाचा डबा घावतो का न्हाई आपल्याला? बाईचा हात जागा ओळखतो. जागा शिकव." भाऊजी आदल्या दिशी शाळेत जाऊन बघून आले, दारापासनं दुसरी पेटी तुझी. मग तू फळीवरचे चार पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेस आन् एकेक बाईला उंबऱ्यापासनं चालत यायला लावलंस. पहिला सोड, दुसऱ्यात टाक. सोळा-सतरा बाया, समद्यांनी दुसऱ्यात टाकलं. मी आतनं मोजत व्हते.

मतदानाच्या दिशी सकाळी तूच पहिली टाकून आलीस. म्हणालीस, "दुसरीच हाय, आक्का." मी आळीतल्या बायांना घेऊन निघाले तवा ऊन डोक्यावर आलेलं. शेतातनं माणसं आली व्हती, शाळेच्या दारात रेटारेटी झाली, कुणाचा तरी पदर ओढला गेला, आरडाओरडा झाला. तवा त्या साहेबानं बायांची रांग मागल्या दाराला लावली. चांगल्यासाठीच केलं बिचाऱ्यानं. पर पेट्या जिथल्या तिथं, आन् दार तेवढं बदललं.

रांगेत मी पहिली, माझ्यामागं भागू, तिच्यामागं आणखी धाजणी. भागूनं मास्तरला माझ्या मालकाचं नाव सांगितलं, न अडखळता. मी पडद्याआड गेले. पहिली सोडली, दुसरीत चिठ्ठी अर्धी घातली. माझा एक डोळा गेलेला, म्हणून मी कुठलीबी वस्तू नाक लावून बघते, तुला ठावं हाय. तशी वाकले तर पेटीवर छत्री! मागल्या दारानं मोजणी उलटी पडली व्हती. चिठ्ठी वडून काढली, पुढं सरकले, तिसरीवर कंदील सापडला. त्यात टाकली. सरे, माझं मत तुलाच पडलं. हे एक नक्की हाय. बाकी कशाचं नक्की न्हाई.

त्याच दारानं बाहेर आले. दारात भागू. तिनं हळूच इचारलं, "आक्का, दुसरीच ना?"

शिपाई म्हणला, "ए बाई, बोलायचं न्हाई. चला म्होरं."

आन् मी म्हणलं, "जा, टाक जा."

एवढंच. मी दुसरी म्हणले न्हाई, तिसरीबी म्हणले न्हाई. चालत गेले आन् लिंबाच्या झाडाखाली बसले. तिथनं रांग दिसत व्हती. एक आत जायाची, एक बाहेर यायाची. मी उठून जायला पायजे व्हतं. शिपायानं काय मला खाल्लं नसतं. लांबनं नुसतं वरडले असते, बायांनो, कंदील बघा, तरी झालं असतं. मी काय केलं, तर पाय मांडीवर घेऊन काटा शोधत बसले. काटा नव्हताच.

का बसले? लई वेळा इचारलं सोताला. कधी वाटतं, शिपायाला भ्याले. कधी वाटतं, बायांना डोळे हायेत, त्या बघतील की. कधी वाटतं, ते हरभरे आठवले. आन् एक गोष्ट तुला जिती असताना सांगितली नसती, आता सांगते. लिंबाखाली बसल्यावर माझ्या मनात आलं, नर्स येईल, दुसऱ्यांच्या लेकी वाचतील, माझी तर गेली. हे आलं मनात. आलं आन् गेलं. त्याच्यापायी बसले का, का बसल्यावर ते आलं, हे मला आजून सांगता येत न्हाई. तू लढत व्हतीस माझ्या लेकीसाठी आन् मी झाडाखाली काटा काढत व्हते.

छत्री नऊ मतांनी आली. ती बाई पंचायतीत एकदाबी गेली न्हाई, तिचा नवरा तिच्या खुर्चीवर बसला. नर्सचा अर्ज कुणी केला न्हाई. आन् तू घरी येऊन म्हणालीस, "आक्का, आपल्याच बायांनी फसवलं." पुढं भागूवर तुझा राग बसला. तुला वाटलं, ती वरल्या आळीला फितली. दोन वर्सं तू तिच्याशी बोलली न्हाईस. ती दारातनं "सरूबाई" म्हणायची आन् तू आत जायाचीस. मी तिथंच असायची, तांदूळ निवडत. तवाबी बोलले न्हाई. एकदा गप बसलेलं माणूस दुसऱ्यांदा बोलाया लई जड जातं, सरे.

तुझ्यावर मला राग तरी कसा व्हता, तेच मला उमगत न्हाई. माझे मालक गेले, माझ्या बांगड्या फोडल्या, तवा तू म्हैनाभर तुझ्या बांगड्यांना चिंधी बांधून कोपराकडं सरकवून काम करायचीस. पीठ मळताना, भांडी घासताना आवाज येऊ ने म्हणून. मला वाटायचं तुझा हात दुखतोय. म्हैन्यानंतर सासूबाईंनी सांगितलं तवा कळलं. ती बाई आन् "डोकं दुखतंय" म्हणणारी बाई, दोन्ही तूच. मी दोन्ही एका जागी ठेवू बघते, बसत न्हाईत.

ह्या सुगीला तू म्हणालीस, "औंदा परत उभी ऱ्हाते. आक्का, तुमी सांगा काय करायचं." मी ठरवलं, आता समदं सांगायचं. म्हणलं, कांदा निघू दे, मग बसू निवांत. कांदा निघाला. तुला ताप आला. चौथ्या दिशी तू न्हाईस.

ती माणसं इलेक्शनाच्या अर्जावर सही मागाया आली ना, तवा मी आधी भागूकडं गेले. ती कांद्याची पात कापत व्हती. मी इचारलं, "त्या टायमाला तू कुठल्या पेटीत टाकलंस गं?"

"दुसरीत. तुमीच म्हणला न्हाई का, जा टाक जा?"

"छत्री दिसली न्हाई तुला?"

"दिसली की."

"आगं मग?"

"मला वाटलं, तुमी दोघींनी काय तरी बदललं असंल. तुमास्नी जास्त कळतं. मागं उभ्या व्हत्या त्यांनाबी मी तेच सांगितलं, आक्का म्हणल्या टाक म्हणून."

डोळे असून तिनं माझं ऐकलं, सरे. तुझं इलेक्शन तिथं गेलं. तिला वाटलं हे आपण दोघींनी ठरवलेलं हाय.

मग मी बाया बोलावल्या. कुंकू न्हाई, भजन न्हाई, नुसतं या म्हणलं. आपल्या ओसरीवर बसल्या, कपाळ पुसलेल्या, न पुसलेल्या, समद्या एका सतरंजीवर. भाऊजी आत बसलेले, त्यांनाबी ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं. मागलं दार सांगितलं, छत्री सांगितली, लिंबाचं झाड सांगितलं. ठकीचं नाव काढलं. तू म्हणायचीस तसं काढलं. ते मनात आलेलंबी सांगितलं, लेकीचं. आतनं भाऊजींचा खोकल्याचा आवाज आला.

भागू म्हणली, "म्हंजे सरूबाई माझ्याशी दोन वर्सं बोलल्या न्हाईत, ते तुमच्यापायी?"

मी म्हणलं, "व्हय."

ती उठली. पायऱ्या उतरली, चपला घातल्या. मला वाटलं, संपलं, आता एकेक करून समद्या उठतील. ती उभी राहिली तिथंच, उन्हात, माझ्याकडं पाठ करून. "माझ्या सुनेचे दिस भरत आलेत," हे ती कुणाला म्हणली कळलं न्हाई. मग चपला काढल्या, वर आली आन् दाराजवळ बसली. म्हणली, "नर्सचं काय ते सांगा आधी. अर्ज कुणाकडं करायचा?"

तुळसाबाई म्हणली, "आता ह्यांनी खरं सांगितलं म्हणून मत द्यायचं, का तसं केलं म्हणून न्हाई द्यायचं?"

"मलाबी ठावं न्हाई गं," मी म्हणलं. "तुमी बघा."

इलेक्शनाच्या अर्जावर सही केलीय. चित्र कुठलं मिळंल ते आजून कळलं न्हाई. ह्या टायमाला बायांना जागा शिकवायची न्हाई, चित्र शिकवायचं, आन् पडद्यातनं बाहेर आलेल्या बाईला काय इचारायचं न्हाई, मलाबी न्हाई, एवढं सांगून झालंय. भाऊजी दोन दिस माझ्याशी बोलले न्हाईत. काल चहा मागितला.

आता एकच राहतं, सरे. तू जिती असतीस, हे समदं त्या ओसरीवर बसून ऐकलं असतंस, आन् मतदानाच्या दिशी चिठ्ठी हातात घेऊन पडद्याआड गेली असतीस, तर ती माझ्या पेटीत टाकली असतीस का? भागू म्हणती, टाकली असती. मला तसं म्हणवत न्हाई.